ब्लँकेट, भिंत आणि खुळखुळे

अमेरिकन विनोदी चित्रपट १९६८ साली वारला, असं मामांचं ठाम मत आहे. त्या वर्षी हॉलिवूडने आपली जुनी आचारसंहिता मोडीत काढली आणि वयोगटानुसार प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. सगळं दाखवायची मुभा मिळाली आणि त्याच दिवशी गंमत संपली, असा त्यांचा सिद्धांत. उमेदीची वर्षं पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत घालवलेल्या, सोळा एमएमच्या प्रिंटा स्कूटरवरून आणून स्वतः प्रोजेक्टरवर चढवणाऱ्या या माणसाशी सिनेमावरून वाद घालायला घरात कुणी धजत नाही. भाची धजते. ती मुंबईत राहते, ओटीटीच्या मालिकांसाठी विनोद लिहिते, अधूनमधून स्वतः माइक हातात घेऊन स्टँडअप करते. मामांचा सुवर्णकाळ निम्मा तारखांच्या गोंधळावर उभा आहे, असं तिचं म्हणणं.

मामांनी पुरावा म्हणून पहिल्यांदा काढला तो फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’. साल १९३४. रस्त्याकडेच्या मोटर-कॅम्पमध्ये खोली एक, पलंग दोन, आणि दोघांचं लग्न झालेलं नाही. क्लार्क गेबल मधोमध दोरी बांधतो, तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि बायबलमधल्या जेरिकोच्या तटबंदीचं नाव त्याला देतो. पलीकडे क्लॉडेट कोल्बेर. चित्रपटाच्या शेवटी लग्न लागतं, पण कॅमेरा खोलीत डोकावण्याऐवजी आधी कॅम्पच्या मालक नवरा-बायकोकडे जातो. या जोडप्याला ब्लँकेट, दोरी आणि खेळण्यातली तुतारी कशाला हवी होती, याचं त्या दोघांना कोडं पडलंय. मग तुतारी वाजते आणि ब्लँकेट खाली पडतं.

“बस, एवढंच,” मामा म्हणाले. “एक लाज नाही सोडली, आणि काही सांगायचं ठेवलंही नाही. पाचही मोठी ऑस्कर घेऊन गेला. आपल्याकडे ‘चोरी चोरी’ झाला, पुढे ‘दिल है के मानता नहीं’ झाला. आता हाच प्रसंग आजच्या तुमच्या एखाद्या दिग्दर्शकाला दे. ब्लँकेट असेल, पण त्याच्या खाली दोघं असतील.”

“मामा, हा चित्रपट आला कधी?”

“सांगितलं की. चौतीस.”

“फेब्रुवारी चौतीस. आणि जोसेफ ब्रीनसाहेब कात्री घेऊन बसले त्या वर्षीच्या जुलैत.”

भाचीचा मुद्दा बिनतोड होता. आचारसंहिता कागदावर आली १९३० मध्ये, पण चार वर्षं तिला दात नव्हते. स्टुडिओ मान डोलवायचे आणि हवं ते करायचे. १९३४ च्या जुलैपासून संहितेची अंमलबजावणी करणाऱ्या ब्रीन यांच्या कचेरीच्या शिक्क्याशिवाय मोठ्या थिएटरांत चित्रपट लागणं मुश्कील झालं. म्हणजे मामांचं लाडकं ब्लँकेट कुणी जबरदस्तीने टांगलेलं नव्हतं. ते काप्रा आणि त्याचा पटकथाकार रॉबर्ट रिस्किन यांनी स्वखुशीने टांगलेलं होतं.

“बरं, कायदा नसेल. धाक होता ना?”

“धाक होता तर मे वेस्ट काय करत होती?”

मे वेस्टचं नाव निघाल्यावर मामा किंचित सावरून बसले. या बाईने १९२७ मध्ये आपल्याच नाटकापायी न्यूयॉर्कमध्ये तुरुंगाची हवा खाल्ली होती. १९३३ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर ती ‘शी डन हिम राँग’ घेऊन पडद्यावर आली. स्वतःचे संवाद स्वतः लिहिणारी, पुरुषाला बाजारातल्या भाजीसारखं निरखून घेणारी. तिच्या चित्रपटांनी पॅरामाउंटच्या तिजोरीत पैसा ओतला. ब्रीन यांचं राज्य आल्यावर तिच्या संहितांवर अशी कात्री चालली की चार-पाच वर्षांत तिची धार गेली.

“तुझ्या संयमाची किंमत कुणी मोजली बघ,” भाची म्हणाली. “जी बाई स्वतःचा विनोद स्वतः लिहीत होती, तिने.”

इथे तिने स्वतःहून एक मोहरा मामांच्या हाती दिला, कारण तिला हे चित्रपट मनापासून आवडतात. प्रेम दाखवता येत नाही म्हटल्यावर लेखकांनी पात्रांना भांडायला लावलं, आणि ते भांडण अमेरिकन सिनेमातलं सर्वांत देखणं भांडण ठरलं. हॉवर्ड हॉक्सचा ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) ज्या ‘द फ्रंट पेज’ या नाटकावरून आला, त्यात वार्ताहर हिल्डी पुरुष होता. हॉक्सने त्याची बाई केली आणि तिला संपादकाची घटस्फोटित बायकोही केली. कॅरी ग्रँट आणि रोझलिंड रसेल एकमेकांचं वाक्य संपायची वाट पाहतच नाहीत. वाक्यांवर वाक्यं चढतात, फोन वाजत राहतात, फाशीची शिक्षा झालेला कैदी झाकणाच्या टेबलात दडवलेला असतो, आणि या धबडग्यात रसेल एकदाही मागे पडत नाही.

“मग? मी काय म्हणत होतो?” मामांना विजयाचा वास आला.

“तू म्हणत होतास की १९६८ नंतर काही उरलं नाही. मी म्हणतेय की १९४० मध्ये बाईला जेवढं बोलू दिलं तेवढं १९८० मध्येही दिलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

मामा मूकपटांकडे वळले. वाद अंगाशी आला की ते नेहमी तिकडे वळतात. तिथे त्यांच्या पायाखालची जमीन घट्ट आहे. चॅप्लिन सगळ्यांनाच आवडतो, त्याबद्दल दोघांत भांडण नाही. ‘सिटी लाइट्स’ १९३१ मध्ये, बोलपट रुळल्यावर, संवादांशिवाय प्रदर्शित करण्याची त्याची हिंमत दोघांनाही मान्य. हॅरल्ड लॉइडचा उल्लेख झाला तो ‘सेफ्टी लास्ट’मधल्या घड्याळाच्या काट्यापुरता. १९१९ च्या एका अपघातात उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गमावलेला हा माणूस हातमोज्यात खोटी बोटं घालून ती इमारत चढत होता, एवढं सांगून मामा बस्टर कीटनवर आले, आणि मग तिथेच रमले.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’, १९२८. कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोला नदीकाठी अख्खं गाव उभारलं होतं. गोष्टीत आधी महापूर होता. पण १९२७ मध्ये मिसिसिपीच्या पुराने हाहाकार उडवला होता, तेव्हा पुराची थट्टा नको म्हणून त्याचं चक्रीवादळ करण्यात आलं. त्या वादळात कीटन रस्त्याच्या मधोमध उभा आहे, पाठीमागे दुमजली घर. घराची दर्शनी भिंत सबंधच्या सबंध सुटते आणि त्याच्यावर कोसळते. माळ्याची एक खिडकी उघडी आहे, आणि ती बरोबर त्याच्या अंगावरून जाते. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना काही इंचांची जागा. भिंत सुमारे दोन टनांची असल्याचं सांगतात. पाय अर्धा पाऊल इकडचे तिकडे झाले असते तर चित्रपटही संपला असता आणि कीटनही. आणि तो काय करतो? मान चोळतो, आजूबाजूला पाहतो, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता पळत सुटतो.

“कट नाही, दोरी नाही, संगणक नाही,” मामा म्हणाले. “हसायला येतं आणि हसता हसता पोटात गोळाही येतो. आता तुमच्याकडे काय, ते ‘जॅकअ‍ॅस’! एकमेकांना लाथा मारायच्या आणि खिंकाळायचं.”

भाची याच संधीची वाट पाहत होती. तिने फोन काढला आणि २००६ च्या ‘जॅकअ‍ॅस नंबर टू’चा शेवट लावला. मोठं, झगझगीत संगीतनृत्य चाललंय, आणि त्यात जॉनी नॉक्सव्हिलवर घराची दर्शनी भिंत कोसळते. तो खिडकीच्या जागी उभा. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, मग परत लावायला सांगितलं. त्याआधी १९८७ मध्ये जॅकी चॅनने ‘प्रोजेक्ट ए – भाग २’मध्ये हीच भिंत अंगावर घेतली होती, हे मामांना ठाऊक होतं; पण चॅन त्यांच्या लेखी कलावंत. ही पोरं मात्र वाह्यात.

“वाह्यात आहेतच,” भाची म्हणाली. “पण कीटनचं बालपण काय होतं? वडील स्टेजवर त्याला उचलून फेकायचे आणि लोक तिकीट काढून बघायचे. त्याला तू परंपरा म्हणतोस.”

मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी ‘सम लाइक इट हॉट’ काढला.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली शंभर विनोदी चित्रपटांची यादी केली तेव्हा बिली वाइल्डरचा हा १९५९ चा चित्रपट पहिला आला. शिकागोतल्या गुंडांचं हत्याकांड पाहिलेले दोन वादक बायकांच्या वाद्यवृंदात बायका होऊन शिरतात. हिंदीत याचा ‘रफू चक्कर’ झाला. आपल्याकडे अनेकजण ‘अशी ही बनवाबनवी’लाही याच्याच खात्यावर टाकतात, पण तिचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे.

मामांना या चित्रपटातली एक जागा जीव की प्राण. जॅक लेमन बाईच्या वेषात रात्रभर एका म्हाताऱ्या लक्षाधीशाबरोबर नाचून हॉटेलवर परतलाय, पलंगावर लोळतोय, हातात दोन खुळखुळे. टोनी कर्टिसला तो सांगतो, माझं लग्न ठरलं. कर्टिस विचारतो, मुलगी कोण? त्यावर लेमनचं उत्तर असं की थिएटर फुटायलाच हवं. वाइल्डरची अडचण पुढची होती. लोक हसत राहिले तर पुढचं वाक्य बुडणार, आणि पुढचं वाक्यही तितकंच चोख. म्हणून त्याने लेमनच्या हाती खुळखुळे दिले. वाक्य झालं की लेमन ते वाजवत गिरकी घेतो, हशा ओसरतो, मग कर्टिस बोलतो. थिएटरात बसून पाहा, कुठेही थांबल्यासारखं वाटत नाही. घरी एकट्याने पाहताना मात्र तो खुळखुळ्यांचा आवाज जरा लांबल्यासारखा वाटतो, कारण त्याच्याखाली असायला हवा तो हशा तिथे नसतो.

नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. हशा पुरता उतरायच्या आत पुढचं वाक्य टाकू नये, हे त्यांना तालमीतच शिकवतात. सिनेमात प्रेक्षक समोर नसतो, म्हणून अंदाज आधी बांधावा लागतो. मार्क्स बंधूंच्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’च्या (१९३५) वेळी निर्माता आयर्विंग थालबर्गने तर त्यांना आधी रंगमंचावर दौऱ्यालाच पाठवलं होतं. कुठल्या विनोदाला लोक हसतात आणि किती वेळ हसतात हे पाहून मग प्रसंग चित्रित झाले.

“हे तुझं सगळ्यांत भारी उदाहरण ना?” भाचीने विचारलं.

“यापुढे काही नाही.”

“याला आचारसंहितेत कुठे बसवशील? वाइल्डरने तिची पर्वाच केली नाही. तरी चित्रपट लागला आणि तुफान चालला. तुझी संहिता १९६८ मध्ये मेली म्हणतोस, तिला निम्मं मारलं ते तुझ्याच लाडक्या माणसाने.”

मामा मोठ्याने हसले. वादात हरल्याचा त्यांना राग येत नाही, हा त्यांचा एक गुण. पण भाची थांबली नाही. त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर कोण? ‘टुट्सी’, १९८२. डस्टिन हॉफमन बाईच्या वेषात. “म्हणजे शतकभरातल्या पहिल्या दोन विनोदी चित्रपटांत सर्वांत विनोदी बाई कोण, तर लुगडं नेसलेला पुरुष.”

वेषावरून गाडी चेहऱ्याच्या रंगाकडे गेली. ब्लेक एडवर्ड्सचा ‘द पार्टी’ फिल्म सोसायटीत मामांनी स्वतः दाखवला होता आणि लोक खुर्चीत मावत नव्हते. पीटर सेलर्स हा इंग्रज नट तोंडाला तपकिरी रंग फासून हृंदी बक्षी नावाचा भारतीय नट झालाय. चुकून एका बड्या निर्मात्याच्या घरी मेजवानीला पोचतो. बुटाला चिखल लागलाय, तो घरातल्या शोभेच्या पाण्याच्या पाटात धुवायला जातो आणि बूट वाहत जातो. पुढची कितीतरी मिनिटं शब्द जवळजवळ नाहीतच. एक माणूस, एक पाय मोज्यात, आणि तरंगणारा पांढरा बूट, जो पुढे खाण्याच्या तबकातून परत येतो.

“त्या अख्ख्या घरात सभ्य माणूस तो एकटाच आहे,” मामा म्हणाले. “एडवर्ड्स हसतोय तो हॉलिवूडवाल्यांना.”

“मान्य. बक्षी गोड आहे. पण परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना वर्गात ज्या सुरात चिडवतात, तो सूरही सेलर्सचाच आहे. आणि सोसायटीत हसले ते सगळे आपण होतो, मामा. तिकडे हसणारे वेगळे होते.”

दोघांचंही खरं आहे. बुटाचा प्रसंग थोर आहे, आणि चेहऱ्यावरचा रंग आज पाहवत नाही. जुन्या चित्रपटांत या खोडी सर्वत्र एकसारख्या नाहीत, एवढं मात्र मामांच्या बाजूने नोंदवायला हवं. प्रेस्टन स्टर्जेसच्या ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१९४१) कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये साखळदंड घातलेले कैदी कार्टून पाहायला येतात, तिथला पाद्री आपल्या लोकांना बजावतो की पाहुण्यांना कमी लेखू नका. त्या काळात हॉलिवूडने कृष्णवर्णीय पात्रांना इतक्या अदबीने क्वचितच दाखवलं होतं.

भाचीचं उत्तर १९७४ मधलं होतं, मेल ब्रुक्सचा ‘ब्लेझिंग सॅडल्स’. रेल्वेसाठी गाव उठवायचं म्हणून एक कारस्थानी अधिकारी तिथे मुद्दाम काळा शेरीफ नेमतो. लेखकांच्या चमूत रिचर्ड प्रायर होता. ब्रुक्सला शेरीफही त्यालाच करायचं होतं, स्टुडिओने नकार दिला आणि भूमिका क्लीव्हन लिटलकडे गेली. गावातले गोरे त्याच्या स्वागतालाच बंदुका ताणतात, तेव्हा तो स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावून स्वतःला ओलीस धरतो. आणि गावकरी घाबरतात! “हा प्रसंग संहितेच्या काळात कुणी लिहिला असता?”

“तो नाही. आणि शेकोटीभोवती घेवडा खाऊन गुराखी जे करतात तेही कुणी लिहिलं नसतं.”

“चाळीस वर्षं वेस्टर्नमधले गुराखी शेकोटीभोवती घेवडा खात होते, मामा. परिणाम पहिल्यांदा ब्रुक्सने दाखवला. याला वास्तववाद म्हणतात.”

विशेष म्हणजे मामांच्या १९६८ च्या तटबंदीला एक चोरदरवाजा आहे, आणि तो त्यांनीच उघडला. ‘एअरप्लेन!’, १९८०. झुकर बंधू आणि जिम अब्राहम्स यांनी ‘झीरो अवर!’ या १९५७ च्या गंभीर विमानपटाचे हक्कच विकत घेतले. अन्नातून विषबाधा, वैमानिक बेशुद्ध, विमान उतरवायला धास्तावलेला माजी सैनिक. गोष्ट तीच, संवादही जागोजागी तेच. नट निवडले तेही गंभीर भूमिकांत मुरलेले: लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस. त्यांना ताकीद एकच, विनोद चाललाय हे तुम्हाला कळलंय असं दिसता कामा नये. सुमारे ३५ लाख डॉलरांत झालेल्या चित्रपटाने अमेरिकेतच आठ कोटींवर कमावले. नील्सनचा तो दगडी चेहरा थेट कीटनच्या घराण्यातला आहे, असं मामांचं मत, आणि ते कुणालाही पटावं.

त्यानंतरचे मामांना फारसे सोसत नाहीत. ‘ग्राउंडहॉग डे’ला (१९९३) ते पैकीच्या पैकी देतात, कोएन बंधूंना अर्धे. निर्माता-दिग्दर्शक जड अ‍ॅपटाओच्या परंपरेवर त्यांचा खरा राग. कॅमेरा चालू ठेवायचा, नटांना सुचेल ते बोलू द्यायचं, मग संकलनात त्यातल्या त्यात बरं वाक्य उचलायचं. “म्हणजे लेखकाने करायचं काम संकलकाने करायचं. ठेका कुठून येणार?”

यावर भाचीने ‘ब्राइड्समेड्स’ (२०११) मांडला. क्रिस्टन विग आणि अ‍ॅनी मुमोलो या दोघींनी लिहिलेला, पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळवलेला. मैत्रिणीच्या लग्नाचे कपडे पाहायला उंची दुकानात गेलेल्या बायकांना दुपारचं जेवण बाधतं. नवरी पांढऱ्याशुभ्र पोशाखात रस्ता ओलांडून पळते, आणि भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध, हळूहळू खाली बसते. पोशाखाचा घेर तिच्याभोवती पसरत जातो. दिसत काहीच नाही.

“दिसत काहीच नाही,” भाची पुन्हा म्हणाली. “तुझं ब्लँकेट.”

“ब्लँकेटला इतका वास येत नव्हता,” मामा म्हणाले. पण हसू त्यांना लपवता आलं नाही. या प्रसंगासाठी अ‍ॅपटाओचाच आग्रह होता, हे भाचीने मोठेपणाने सांगून टाकलं.

तिला खरी काळजी वेगळीच आहे. ‘द हँगओव्हर’ (२००९) साडेतीन कोटी डॉलरांत झाला आणि जगभरात ४६ कोटींवर गेला. ‘ब्राइड्समेड्स’नेही जवळपास २९ कोटी आणले. त्या आकाराचे विनोदी चित्रपट पुढच्या दहा वर्षांत थिएटरांतून दिसेनासे होत गेले. शाब्दिक विनोद परदेशात कमी चालतो आणि परदेशातला गल्ला तर मोठा हवा, म्हणून स्टुडिओंनी विनोद सुपरहिरोंच्या तोंडी घातला. उरलेला घरी गेला. २०१४ मध्ये अ‍ॅडम सँडलरने नेटफ्लिक्सशी चार चित्रपटांचा करार केला, तेव्हाच वारं फिरल्याचं दिसत होतं. “मी लिहिते ते लोक भांडी घासताना बघतात,” ती म्हणाली. “हशासाठी जागा सोडली तर त्यांना वाटतं नेट अडकलं.”

“मग थिएटरला विनोद संपलाच की. मी जरा लवकर बोललो असेन, चूक नाही बोललो.”

“२०२३ मध्ये १४० कोटी डॉलरच्या वर गेला तो ‘बार्बी’ काय होता?”

मामांनी तो पाहिलेला नाही. गुलाबी रंग पाहून सोडून दिला. त्याची सुरुवात कुब्रिकच्या ‘२००१’च्या विडंबनाने होते हे ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. कुब्रिकने ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’साठी युद्धकक्षात क्रीमचे ‘पाय’ (pie) फेकण्याची लढाई चित्रित करून ती काढून टाकली होती, हे त्यांनी लगेच सांगितलं. असं काढून टाकता आलं पाहिजे, हेही सांगितलं. मग अट घातली. ‘बार्बी’ पाहीन, पण आधी भाचीने लुबिचचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ पाहायचा, नाझींना नाटकमंडळी कशी बनवतात तो, १९४२ चा, मध्ये न थांबवता आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

“किती मिनिटांचा?”

“नव्व्याण्णव.”

“‘बार्बी’ एकशे चौदा आहे.”

“म्हणजे पंधरा मिनिटं तू मला देणं लागतेस,” मामा म्हणाले, आणि कीटनचा १९२० चा ‘वन वीक’ शोधायला लागले. तो वीसेक मिनिटांचा आहे, हे भाचीने त्यांच्या लक्षात आणून दिलं. वरची पाच मिनिटं श्रेयनामावलीची धरायची की नाही, यावर आता बोलणी चालू आहेत.